धुराचा खर्च कोणाच्या खाती?

पनवेलला लागून सिडकोने वसविलेल्या करंजाडेचा परिसर पाहिला, तर रहिवाशांच्या छातीत काय जात असेल हे सांगण्यास तज्ज्ञ लागू नये. पळस्पे फाट्यावरून फुटणारा गोव्याचा महामार्ग, जवाहरलाल नेहरू बंदराच्या कंटेनरांची रीघ, कळंबोलीचा पोलाद बाजार, पलीकडे तळोज्याचे रासायनिक कारखाने. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला विमानतळ तर शेजारीच.

मालमोटारीच्या मालकाच्या वहीत डिझेल, टोल आणि चालकाचा पगार यांची नोंद असते; रस्त्याकडेच्या दमेकऱ्याच्या औषधाची नसते. एकाच्या व्यवसायाचा असा भार तिऱ्हाइतावर पडतो, हे पिगू यांनी १९२० साली 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात दाखवून दिले होते. आपल्याकडे हवेचा कायदा १९८१ साली झाला. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले, ही मोठीच सुधारणा होय; परंतु जुनी वाहने त्यामुळे नवी झाली नाहीत. शिवाय सूक्ष्म कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ वर आणली. तेव्हा 'मर्यादेत' म्हणजे निर्धोक, असे समजण्याचे कारण नाही.

हवा किती दूषित आहे हा एक प्रश्न. त्यातली किती आपण ओढून घेतो हा दुसरा, आणि तो काही अंशी आपल्या हाती आहे. मोटारींचा धूर रस्त्यापासून शे-दोनशे मीटरांत बराच विरळ होतो, म्हणून मुलांनी आतल्या गल्लीने शाळा गाठावी. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत कोंडतो. त्या वेळी महामार्गाकडेने फिरण्याचा व्यायाम नफ्याचा नव्हे. तोंडावरचा रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. आणि बाहेरच्या धुरासाठी खिडकी लावून आत डासांची कॉइल पेटविणाऱ्या सुज्ञांना काय म्हणावे? एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यापेक्षा मच्छरदाणी स्वस्त. फोडणीच्या वेळी धूर बाहेर फेकणारा पंखा, कोरड्या झाडूऐवजी ओले फडके, शाळेच्या दारात थांबलेल्या स्कूटरचे इंजिन बंद. यांपैकी पंख्यालाच काय तो खर्च.

मात्र भाजीवाली, रिक्षाचालक, वाहतूक पोलीस यांना खिडकीच नाही. त्यांचा दिवस रस्त्यावरच जातो. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधनसंस्थेने २०१२ सालीच दिला आहे. त्यांच्यासाठी उपाय घराबाहेरच हवा: पीयूसीची तपासणी कागदापुरती न राहता रस्त्यावर व्हावी, बांधकामाच्या ढिगांवर पाणी पडावे, आणि उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ठरविलेला पाच हजारांचा दंड प्रत्यक्ष वसूल व्हावा. सूक्ष्म कणांचे रोजचे आकडे शाळेच्या फलकावर, मराठीत, मुलांना वाचता येतील असे लागावेत. त्याला फार तर खडू लागेल.