विश्रामपूर: धर्म बदलला, मग जात-बिरादरीचे काय झाले?

रायपूरहून रेल्वेने बिलासपूरकडे जाताना तिल्दा, हथबंद, भाटापारा ही स्टेशने तुम्ही पाहिली असतील. याच पट्ट्यात, सिमग्याच्या बाजूला, विश्रामपूर नावाचे गाव आहे. (कोळशाच्या खाणींचे विश्रामपूर ते वेगळे, सरगुज्याकडचे.) छत्तीसगडमधल्या ख्रिस्ती मिशनची खरी सुरुवात या गावात झाली.

ऑस्कर लोर हे जर्मन पाद्री आधी रांचीला होते. १८५७ च्या उठावात त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. ते अमेरिकेत गेले आणि तिथल्या जर्मन मंडळींच्या मिशनतर्फे १८६८ मध्ये मुंबईत उतरले. नागपूरच्या मिशनऱ्यांनी त्यांना सांगितले, रायपूरकडे जा, तिथे सतनामी आहेत.

सतनामीच का? गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी या समाजाला एकच नाम दिले होते: सतनाम. मूर्ती नाही, मांस नाही, दारू-तंबाखू नाही. गावात अस्पृश्य म्हणून वागवल्या जाणाऱ्या चर्मकार समाजातून हा पंथ मोठा झाला होता. लोर यांना वाटले, हे लोक तर अर्ध्या वाटेवर येऊनच थांबलेत. भंडार या गावी सतनामी गुरूंनी त्यांना मानाने शेजारी बसवले. जमलेल्या लोकांनी मायेने त्यांच्या लांब दाढीवरून हात फिरवले. आता अख्खा पंथच ख्रिस्ती होणार, अशी त्यांची खात्री झाली.

तसे झाले नाही. मला विचाराल तर कारण साधे आहे. सतनाम्यांकडे अपमानातून बाहेर पडण्याचा स्वतःचा मार्ग आधीच होता आणि स्वतःचे गुरूही होते. पाहुण्याचा मान करणे वेगळे, गुरू बदलणे वेगळे.

जे थोडे लोक ख्रिस्ती झाले, त्यांच्यावर बिरादरीने बहिष्कार घातला. मग राहायचे कुठे, कसायचे काय? मिशनने पंधराशे एकरांहून जास्त पडीक जमीन घेऊन विश्रामपूर वसवले होते. नाव ठेवले ते विसाव्याचे. पण मिशनच गावाचे मालगुजार झाले. म्हणजे रविवारी प्रवचन देणारे साहेबच जमिनीचे मालक, भांडण सोडवणारे आणि औषध देणारेही. आधार होता आणि धाकही होता. तो काळ आठवताना यातले एकच सांगणे अन्यायाचे होईल.

सगळ्यात जास्त खटके उडाले ते लग्नावरून. सतनाम्यांत ‘चूडी’ची रीत होती: बाई पहिला नवरा सोडून दुसऱ्याच्या हातून बांगड्या भरू शकत असे, आणि बिरादरी त्याला मान्यता देई. मिशनऱ्यांच्या लेखी हा व्यभिचार. गावाचे नियम झाले, दंड झाले, तरी रीत चालूच राहिली. सोयरीक, नातीगोती, शिवाशिवीचे विचारही चर्चमध्ये सोबत आले. धर्मांतरही बहुधा नात्यांच्या धाग्याने पुढे जाई: आधी एक भाऊ, मग त्याचे सासर. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनकडे आलेल्यांची संख्या बरीच वाढली. पुढे मिशनने शाळा, दवाखाने, कुष्ठरुग्णांचे आश्रम काढले. तिल्द्याचे मिशन हॉस्पिटल आजही लोकांना माहीत आहे.

भुकेपोटी केलेला धर्मबदल खरा मानायचा का, हा वाद तेव्हाही होता. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नियोगी समिती नेमली, १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा केला, आणि छत्तीसगड वेगळे झाल्यावर तो इथेही लागू राहिला.

आपल्या मराठी घरांना जवळची गोष्ट मात्र राजनांदगावच्या वाटेवरची आहे. तिथे नोकरीसाठी निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून येणाऱ्या गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार वाचायला दिला. इथे ना दुष्काळ, ना जमीन. एक पुस्तक आणि स्वतःशी चाललेला झगडा. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी बिरादरीचा प्रश्न चुकला नाहीच. धर्म बदलला एकट्या टिळकांनी, आणि घर मोडले ते लक्ष्मीबाईंचे. काही वर्षे त्या लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या. पण सोवळे-ओवळे सांभाळतच. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पुढे, आपल्या मनाने. हे सगळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवले आहे, आणि रडवता रडवता हसवत लिहिले आहे. घरात प्रत असेल तर आजीकडून मागून घ्या.