एका ‘द’ची किंमत

शंभराची नोट काढून जरा नीट वाचा. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर तिच्यावर इंग्रजीत लिहून देतात, ‘आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज.’ एवढ्याशा वाक्यात दोनदा ‘द’! नोटेच्या मागे पंधरा भाषांची पट्टी आहे. तिच्यातली मराठी मात्र ‘शंभर रुपये’ म्हणून मोकळी होते. ‘अ’ नाही, ‘द’ नाही.

इंग्रजी बऱ्यापैकी येणारा मराठी माणूस अडतो, तो नेमका इथे. मोठमोठे शब्द त्याला पाठ असतात; छळतात ती ही चिल्लर. आपण ‘दुकानात माणूस आला’ म्हणतो आणि कुठला माणूस ते संदर्भाने समजतं. इंग्रजी आधी विचारते, ऐकणाऱ्याला तो ठाऊक आहे का? नसेल तर ‘अ मॅन’, असेल तर ‘द मॅन’. ‘ॲन’ कुठे लावायचा हे अक्षर नव्हे, कान ठरवतो. म्हणून ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

आणि ही चिल्लर कधीकधी हिशेबच उलटा करते. शाखेच्या अहवालात ‘फ्यू कस्टमर्स केम’ लिहिलं, तर साहेब समजणार, जवळपास कोणी फिरकलंच नाही. ‘अ फ्यू कस्टमर्स’ म्हटलं की थोडे का होईना, आले. एका ‘अ’ने रिकामी शाखा माणसांत आली!

दुसरा घोळ आपल्या ‘पासून’चा. ‘१९९५ पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ दोन्हींत आपलं एकच शब्दयोगी अव्यय. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ आणि काळाची लांबी सांगायची तर ‘फॉर’. शिवाय ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’ यातला आपला साधा वर्तमानकाळ तिथे चालत नाही. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’ असं म्हणावं लागतं. काल सुरू झालेलं आजही चालू आहे, हे इंग्रजी क्रियापदातच नोंदवते.

कोणी म्हणेल, समजलं म्हणजे झालं, एवढी काटेकोर मोजमापं कशाला? बोलताना नसतील लागत. सही करताना लागतात. बँकेतल्या नोकरीत हे फार जवळून पाहिलं. एक आजी काउंटरवर आल्या. यजमान महिन्यापूर्वी गेलेले. खातं दोघांच्या नावावर, म्हणून त्या निर्धास्त होत्या. पण फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ऐवजी ‘जॉइंटली’वर खूण होती आणि नामनिर्देशन केलेलं नव्हतं. पहिल्या सूचनेचा अर्थ, दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. दुसरीचा अर्थ, दोघांच्या सह्या एकत्र. आता दुसरी सही कुठून आणणार? वारसांचे कागद जमवता जमवता आजींचे काही महिने गेले. घरखर्च थोडाच थांबतो? त्या फक्त म्हणाल्या, “साहेब, ह्यांनी विचारलं असतं तर कोणी सांगितलं नसतं का हो?”

सांगितलं असतं. पण विचारायची लाज वाटते ना! आमच्या पिढीतले कितीतरी जण पाचवीत इंग्रजी शिकू लागले. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली. व्याकरण म्हणजे छडी, हे समीकरण आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग न कळलेल्या कागदावरही माणूस मान डोलावतो आणि सही ठोकतो.

म्हणून मला वाटतं, व्याकरण साहेबासारखं बोलण्यासाठी शिकू नये. आपल्या हक्काचा कागद आपल्याला वाचता यावा म्हणून शिकावं. रेन आणि मार्टिनचं जाडजूड पुस्तक एका दमात संपवायची गरज नाही. आठवड्याला एक नियम घ्या आणि तो विम्याच्या पॉलिसीत, घराच्या करारात, औषधाच्या वेष्टनावर शोधा. ‘बाय थर्टीफर्स्ट मार्च’ म्हणजे ३१ मार्चला किंवा त्याआधी. ‘आफ्टर’ म्हणजे त्यानंतर. ‘अँड’ असेल तर दोन्ही अटी पाळायच्या. ‘ऑर’ असेल तर एक पुरे.

आज रविवार आहे. कपाटातलं पासबुक काढा, ठेवींच्या पावत्या काढा. दोघांनी शेजारी बसून त्यांवरचा इंग्रजी मजकूर वाचा. अडेल तिथे मुलाला विचारा, नातीला विचारा, सोमवारी बँकेत जाऊन विचारा. विचारायला कुठलंच व्याकरण लागत नाही.