आधी जागा, मग वाण

सकाळी ६.३०
पुण्यातला जानेवारी. पानापानावर दव. ‘मिस्टर लिंकन’ गुलाबाचं अर्धं उमललेलं फूल हुंगावं ते याच वेळी. गंधाची तेलं पाकळीत असतात आणि ऊन चढलं की भराभर उडून जातात. म्हणून फुलं आत्ताच काढतो.

७.३०
पाणी. नळी बुंध्याशी, पानं कोरडी. पान सात-आठ तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते. थंडीत भुरीचीही धास्ती, म्हणून कोवळी पालवी उलटून बघतो.

९.००
डोळे भरायला बसतो. पेन्सिलीएवढा जाड खुंट, सालीला ‘टी’ आकाराचा छेद, आत डोळा सरकवून पट्टी घट्ट. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला की कलमानं जीव धरला.

११.३०
चिपळूणच्या ताई येतात. “काका, भरपूर वासाचा गुलाब द्या.”
मी विचारतो, “ऊन किती तास मिळतं? पावसाळ्यात कुंडी कुठे असते?” तिकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. कुंडी विटांवर ठेवा, पागोळ्यांखाली नको, दोन झाडांत वारा खेळू द्या. हे जमणार असेल तरच रोप देतो.

दुपारी १.००
नागपूरची रोपं बांधायची. मे महिन्यात तिथे पारा ४५ अंशांवर जातो, गडद लाल पाकळ्यांच्या कडा करपतात. दुपारी सावली आणि बुंध्याला पाचोळ्याचं आच्छादन हवंच. ‘डबल डिलाइट’ पाठवतोय. ऊन लागेल तसा त्याच्या साईच्या रंगावर लाल पसरत जातो, ते तिथे बघण्यासारखं असतं.

४.३०
सुकलेली फुलं उतरवतो. पाच पर्णिकांचं पान आणि बाहेर तोंड केलेला डोळा बघून, त्याच्या थोडं वर तिरका काप. नवी फांदी बाहेर जाते, झाडाचं पोट मोकळं राहतं.

रात्री ९.००
न्यू जर्सीहून भाचीचा फोन, तिथे सकाळ. “मामा, नुसत्या काड्या उरल्यात. मेलं का गं झाड, असं आई विचारतेय.”
“मेलं नाही, थंडीत झोपलंय. कलमाच्या गाठीवर मातीचा ढीग आहे ना? राहू दे. आपण इथे ऑक्टोबरात छाटतो. तू तेव्हा छाटलं असतंस तर नवे धुमारे गोठून गेले असते. मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुगायला लागतील, तेव्हाच कात्री हातात घे.”