कर्जफेड आणि कुटुंबाचे अंदाजपत्रक

देशाचे अंदाजपत्रक दरवर्षी फेब्रुवारीत संसदेत मांडले जाते आणि चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत सर्वत्र त्यावर चर्चा होते. स्वतःच्या घराचे अंदाजपत्रक मात्र फारच थोड्या कुटुंबांत मांडले जाते. ज्या घरात कर्ज आहे तेथे तर त्याविषयी बोलणेच टाळले जाते. आपल्या संस्थेचे बहुसंख्य सभासद पगारदार आहेत. पगाराची तारीख ठरलेली, आकडाही ठरलेला, तरीही महिन्याच्या वीस तारखेनंतर उसनवारी सुरू होते. असे का होते आणि त्यातून बाहेर कसे पडावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

अंगुत्तर निकायात तथागतांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. संपत्ती असण्याचे, तिचा उपभोग घेण्याचे, ऋण नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे अशी ती सुखे होत. यातील तिसऱ्याला 'अनणसुख' असे नाव आहे. त्याच निकायात कोलिय कुळातील दीघजाणूला उपदेश करताना तराजू धरणाऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. पारडे किती खाली गेले, किती वर आले हे तराजू धरणाऱ्याला नेमके कळते. गृहस्थालाही आपली मिळकत आणि खर्च तसाच कळला पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उपदेशात पैसा वाईट असे कोठेही म्हटलेले नाही, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या पाहण्यात येणारी पहिली अडचण पैशाची नसतेच. ती लपवण्याची असते. नवऱ्याने पतपेढीतून घेतलेले कर्ज बायकोला ठाऊक नसते. बायकोने बचत गटातून किंवा भिशीतून उचललेली रक्कम नवऱ्याला ठाऊक नसते. आणि मुलाने मोबाईलवरील ॲपमधून घेतलेले पाच हजार कोणालाच ठाऊक नसतात. प्रत्येक जण आपापले कर्ज एकटाच, चोरून फेडीत असतो. एकाचा हप्ता भरण्यासाठी दुसरा नवे कर्ज काढतो. अशा घरात काटकसरीचा उपदेश करून काही उपयोग होत नाही, कारण किती काटकसर करायची हेच ठाऊक नसते.

म्हणून पहिले काम असे की, एका रविवारी घरातील सर्व मोठ्या माणसांनी एकत्र बसावे आणि एका कागदावर सारी देणी मांडावीत. दहावी-बारावीतील मुलामुलींनाही बसवावे. त्यांचे गणित आपल्यापेक्षा चांगले असते. कोणाचे देणे, मुद्दल किती उरले, हप्ता किती, व्याज किती आणि ते महिन्याचे की वर्षाचे, एवढे रकाने पुरेत. त्या दिवशी कोणी कोणाला दोष देऊ नये, एवढे पथ्य पाळावे. ते पाळले नाही तर पुढच्या वेळी कागदावर खरा आकडा येणार नाही.

दुसऱ्यासाठी जामीन म्हणून केलेली सहीही या कागदावर यावी. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मित्राने हप्ते थकवले की पतसंस्था जामीनदाराच्या पगारातून कपात करून घेते आणि मग दोन घरांचे बोलणे बंद होते. समाजबांधवाला नाही कसे म्हणायचे, या संकोचातून अशा सह्या होतात. सही करण्यापूर्वी घरी विचारले, तर निदान नकार द्यायला एक सबब तरी मिळते!

व्याजाच्या रकान्यात फसगत फार होते. खासगी सावकार 'पाच टक्के' म्हणतो तेव्हा ते महिन्याचे असतात. बँक बारा म्हणते ते वर्षाचे. पाच हा आकडा बारापेक्षा लहान दिसतो, पण वर्षाचे ते साठ टक्के झाले. क्रेडिट कार्डाची थकबाकीही महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते. दुकानदाराचा 'फ्लॅट' दर हा आणखी एक प्रकार. साठ हजार रुपये तीन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅट दराने घेतले तर व्याज अठरा हजार आणि हप्ता २,१६७ रुपये होतो. मुद्दल दरमहा कमी होत जाते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवरच आकारले जाते. त्यामुळे खरा दर जवळजवळ अठरा टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदाराला सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे पत्रक देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे आणि घरी आणून वाचावे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नवरा-बायकोची मिळून मिळकत तीस हजार आहे. सावकाराचे चाळीस हजार महिना पाच टक्क्यांनी आहेत, पतसंस्थेचे साठ हजार चौदा टक्क्यांनी बाकी आहेत, मेव्हण्याचे वीस हजार बिनव्याजी आहेत. शिवाय बँकेत पंचवीस हजारांची मुदत ठेव आहे. हे कुटुंब सावकाराला दरमहा दोन हजार व्याज देते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. वीस महिन्यांत चाळीस हजार व्याज भरूनही चाळीस हजार देणे उरतेच. अडीअडचणीला म्हणून ठेव मोडायची नाही, असा घरचा नियम. पण त्या पंचवीस हजारांवर बँक वर्षाला सात टक्क्यांप्रमाणे १,७५० रुपये देत असेल, तर तेवढ्याच रकमेवर सावकार वर्षाला पंधरा हजार घेऊन जातो. घरात अडचण आधीच आलेली आहे, हे आपण मान्य करीत नाही एवढेच.

त्यांनी ठेव मोडून पाच हजार दवाखान्यासाठी बाजूला ठेवावेत आणि वीस हजार सावकाराच्या मुद्दलात भरावेत. उरलेल्या वीस हजारांवर व्याज एक हजारावर येते. आधीचे दोन हजार द्यायचे चालूच ठेवून घरखर्चातून आणखी दोन हजार काढले, म्हणजे दरमहा चार हजार भरले, तर सहाव्या महिन्यात हे कर्ज संपते. त्यानंतर तेच चार हजार पतसंस्थेकडे वळवावेत. मधल्या काळात तिचा ठरलेला हप्ता मात्र चुकवू नये. मेव्हण्याला भेटून स्पष्ट सांगावे की तुमचे पैसे अमुक महिन्यापासून देऊ. नात्यातला माणूस थांबतो, पण त्याला तारीख सांगावी लागते. प्रथम लहान कर्ज फेडावे म्हणजे उत्साह येतो, असे काही जण सांगतात. व्याज साधारण सारखे असेल तर तसे करायला हरकत नाही. साठ टक्क्यांचे कर्ज उभे असताना मात्र आम्हास ते पटत नाही.

सावकार मुद्दल तुकड्यांनी घेत नसेल, तर नोकरीच्या ठिकाणच्या पतसंस्थेतून कर्ज काढून त्याचे एकरकमी फेडावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे सावकाराला परवाना लागतो, पावती द्यावी लागते आणि चक्रवाढ व्याज घेता येत नाही. या कायद्याखाली २०१४ मध्ये बिगरशेती विनातारण कर्जाला कमाल दर वर्षाला अठरा टक्के ठरविण्यात आला. म्हणजे महिना पाच टक्के हा दर मुळातच बेकायदेशीर होय. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

वसुलीसाठी बँकेच्या माणसाने सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. ॲपवाले फोटो पसरविण्याची धमकी देत असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. मुलाने अशी गोष्ट घरी सांगितली तर त्याला मारू-रागावू नये. अशा प्रसंगी जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

घरखर्चातून दोन हजार कोठून काढायचे, हा प्रश्न उरतोच. तंबाखू, सिगारेट व बाहेरचा चहा मिळून रोज साठ रुपये धरले तरी महिन्याचे अठराशे होतात. दारूचा हिशेब आम्ही मांडत नाही. पंचशील घेणाऱ्यांनी तो स्वतः मांडावा. पण आमच्या मते खरी गळती महिन्याच्या खर्चात नसून वर्षाच्या खर्चात आहे. जूनमध्ये मुलांची फी व वह्या-पुस्तके, १४ एप्रिलला कपडे व वर्गणी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीचा प्रवास, विम्याचा हप्ता, गावाकडची एक फेरी, हे सारे दरवर्षी येते आणि दरवर्षी जणू अचानक आल्यासारखे आपण कर्ज काढतो. या सर्वांची बेरीज समजा सत्तावीस हजार झाली, तर महिन्याला २,२५० रुपये पडतात. तेवढे दरमहा पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकावेत. एकदम जमत नसेल तर फक्त जूनच्या फीपासून सुरुवात करावी. लग्नाचे वेगळे. बौद्ध विवाहविधीला स्वतःचा असा खर्च जवळजवळ नाहीच. हॉल, हळद, डीजे आणि जेवणावळी यांचेच कर्ज पाच-पाच वर्षे फिटत राहते.

सर्वच कर्ज टाळावे असे आमचे म्हणणे नाही. सुभेदार रामजींची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. भीमरावांना पुस्तक हवे असले की ते लग्न झालेल्या मुलींकडून दागिना मागून आणीत, सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आले की सोडवून परत करीत. या हकीकतीतील त्याग आपण भाषणांतून सांगतो, तिच्यातील हिशेब सांगत नाही. पैसे कशासाठी घ्यायचे आणि ते कोणत्या मिळकतीतून फेडायचे, हे रामजींना कर्ज काढण्यापूर्वीच ठाऊक होते, आणि दागिना लेकीकडून मागून घेतलेला होता. विद्यार्थ्यांनी शैक्षणिक कर्ज घेताना हेच पाहावे. प्रथम शिष्यवृत्तीचा अर्ज करावा आणि कमी पडेल तेवढेच कर्ज घ्यावे. शिक्षण चालू असताना हप्ता बहुधा नसतो, पण व्याज चढतच असते. घरून जमेल तर तेवढे व्याज दरमहा भरून टाकावे.

कर्ज फिटले की कागद ताब्यात घ्यावेत. सावकाराकडून वचनचिठ्ठी आणि सही केलेले कोरे चेक, पतसंस्थेकडून बेबाकी दाखला. घराची मूळ कागदपत्रे बँकेने कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत परत करावयाची असतात, आणि बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावयाची असते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी आपला पतअहवाल मागवावा. तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. त्यात फिटलेले कर्ज अजून बाकी दाखवले असेल, तर दाखल्याची प्रत जोडून लेखी तक्रार करावी आणि तिची पोच जपून ठेवावी.