मेल परस्पर डिलीट होतात? आधी फिल्टर तपासा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या, नोकरी शोधणाऱ्या एखाद्या मुलाने जाहिरातींना कंटाळून जीमेलमध्ये फिल्टर लावला, असे समजा: ज्या मेलमध्ये ‘ऑफर’ हा शब्द असेल, तो डिलीट. पुढे कंपनीचे ‘ऑफर लेटर’ आले, तर तेही थेट ट्रॅशमध्ये जाईल. फिल्टर फक्त शब्द जुळवतो. मेल कामाचा की फालतू, हे त्याला कळत नाही.

मेल गायब होत असतील तर लगेच ट्रॅश उघडा. तिथे मेल ३० दिवसच राहतो, नंतर कायमचा पुसला जातो. हवा तो मेल स्वतः इनबॉक्समध्ये हलवा. फिल्टर काढल्याने गेलेला मेल परत येत नाही.

मग संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमधली फिल्टरची यादी पाहा. डिलीट करणारा प्रत्येक नियम नीट वाचा. नुसत्या शब्दाऐवजी पाठवणाऱ्याचा पत्ता द्या आणि डिलीटऐवजी वेगळे लेबल लावा. यादीत काहीच सापडले नाही, तर फॉरवर्डिंग (मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे) आणि पॉप (मेल दुसऱ्या ॲपमध्ये उतरवणे) यांची सेटिंग तपासा. तिथेही जीमेलमधली प्रत डिलीट करण्याचा पर्याय असतो.

नोकरी, शिष्यवृत्ती, बँक यांचे मेल ज्या खात्यावर येतात, तिथे डिलीटचा नियम ठेवूच नका.