जमिनीत पुरलेले रांजण आणि जॉर्जियाची वाइन

काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या कुशीतल्या जॉर्जियाला जाणाऱ्या प्रवाशाने तिथल्या चर्चवास्तूंइतकाच तिथल्या वाइनचाही अभ्यास करून निघावे, कारण या देशातील घर, उपासना आणि पंगत या तिन्हींची घडण द्राक्षरसाभोवती झालेली आहे. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेस असलेल्या नवाश्मयुगीन वसाहतींमधील खापरांवर इसवी सनपूर्व 6000 ते 5800 या काळातील द्राक्षवाइनचे रासायनिक अवशेष सापडल्याचे संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केले, तर चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म तिथे नेणाऱ्या संत निनोचा क्रूस द्राक्षवेलीच्या काटक्यांचा होता, असे परंपरा सांगते.

या वाइनचे मर्म 'क्वेव्री' या भांड्यात आहे. हा अंडाकृती, तळाशी निमुळता होत गेलेला मातीचा रांजण असून त्याला आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला असतो, आणि धान्य साठवण्याचे पेव जसे जमिनीखाली असते तसा तोही गळ्यापर्यंत पुरलेला असतो, त्यामुळे आतील तापमान फारसे बदलत नाही. पूर्वेकडील काखेती प्रांतात द्राक्षांचा रस साली, बिया आणि देठांसह त्यात भरतात, आंबण्याची क्रिया संपल्यावर तोंड बंद करतात आणि पाच-सहा महिने तो तसाच मुरू देतात. पांढऱ्या द्राक्षांची वाइनही सालींच्या सहवासाने पिवळसर तांबूस होते आणि तिला कोऱ्या चहासारखा तुरटपणा येतो. हे ठाऊक नसलेल्याला ती बिघडलेली वाटण्याचा संभव आहे, आणि असे झाले तर देशाच्या सर्वांत जुन्या चवीलाच तो मुकेल. युनेस्कोने 2013 मध्ये या पद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

बाटलीवरील नाव पुष्कळदा द्राक्षाचे नसून स्थळाचे असते, हेही ध्यानात ठेवावे. मुकुझानी आणि किंडझमराउली या दोन्ही लाल वाइन 'सापेरावी' या एकाच द्राक्षापासून होतात, पण पहिली कोरडी, म्हणजे जवळजवळ साखर न उरलेली, तर दुसरी गोडसर असते. सापेरावीच्या सालीप्रमाणे गरही लाल असतो आणि त्याचे नावही रंगावरूनच पडले आहे. त्सिनांदाली मात्र पांढरी आणि कोरडी असून ती युरोपीय पद्धतीने केली जाते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'र्तवेली', म्हणजे द्राक्षतोडणीचा हंगाम असतो, आणि त्या दिवसांत पाहुण्याला 'सुप्रा' या मेजवानीत बसण्याची संधी सहज मिळते. तिथे 'तमादा', म्हणजे पंगतीचा सूत्रधार, पूर्वजांसाठी, दिवंगतांसाठी, मुलांसाठी, पाहुण्यांसाठी एकामागून एक भाषणे करतो, त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत पेल्याला ओठ लावत नाहीत, आणि मग सारी पंगत 'गाउमार्जोस', म्हणजे 'विजय असो', असे म्हणून पेले उंचावते.