दहावीचे टक्के जरा खाली सरकवा

प्लेसमेंटचा सीझन आला की कॉलेजच्या ग्रुपवर एक वर्ड फाइल फिरायला लागते. कुठल्या तरी सीनियरचा सीव्ही. नाव बदला, टक्के बदला, झालं काम! वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, मग दहावीपासूनचं शिक्षण, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी सही. रास आणि उंची तेवढी लिहायची राहिलेली असते.

गडबड होते ती क्रमात. समजा, बी.कॉम. करता करता तुम्ही वर्षभर दुपारी एका सीएच्या ऑफिसात जीएसटीच्या एन्ट्री केल्यात. आता अर्ज अकाउंट्स असिस्टंटचा आहे. आणि हे काम सीव्हीत कुठे? दुसऱ्या पानावर, ‘इतर’मध्ये, छंदांच्या वर. का, तर ‘तो काय खरा जॉब नव्हता’! अहो, समोरच्याला नेमकं तेच हवंय, आणि ढिगातला प्रत्येक सीव्ही शेवटपर्यंत वाचायला त्याला वेळ नसतो.

म्हणून नाव, मोबाइल, ई-मेल, शहर झालं की थेट ते काम घ्या. किती महिने केलं, कोणतं सॉफ्टवेअर वापरलं, रोज साधारण किती बिलं हातावेगळी केली, हे दोन-तीन ओळींत येऊ द्या. मग शिक्षण, ताजी पदवी आधी आणि दहावी सगळ्यात खाली. त्यानंतर स्किल्स. नुसतं ‘एमएस ऑफिस’ लिहू नका, पिव्होट टेबल येत असेल तर तसं लिहा. मात्र विचारलं तर करून दाखवता आलं पाहिजे.

नोकरी केलीच नसेल तर शिक्षण वर आणि लगेच प्रोजेक्ट. चौघांनी मिळून केलेला असला तरी तुमचा वाटा कोणता, ते सांगा. एनएसएसचे दोन वर्षांतले 240 तास सामाजिक संस्थेच्या अर्जात वर येतील, बँकेच्या अर्जात खाली जातील. पुरुषोत्तम करंडकाला बॅकस्टेज सांभाळलंय? इव्हेंट कंपनीसाठी ते पहिल्या पानावरच हवं. थोडक्यात, माणूस एकच, पण सीव्ही दोन-तीन. (‘वाचन, संगीत, प्रवास’ कुठेच नसलं तरी चालतं.)

दोन कॉलमचे रंगीत टेम्प्लेट दिसतात भारी, पण अर्ज चाळणारी काही सॉफ्टवेअर्स ते वाचताना ओळींची सरमिसळ करतात. साधं एका कॉलमचं पान बरं. पीडीएफ करा, आणि फाइलचं नाव ‘न्यू सीव्ही फायनल 3’ नको. तुमचं नाव-आडनाव आणि पोस्ट, बस्स.